सुधा बसेल असे शॉक

जीपचे शॉक ॲब्सॉर्बर सेट करायला बसलं, की जीप सेट होते न होते, किस्से मात्र नक्की जमतात. आमच्याकडे तर ढीग झालाय. आम्ही म्हणजे कानडी मुलखात राहणारे तिघं: बँकेतला शिंदे, सॉफ्टवेअरवाला लोकेश आणि कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मी. फिजिक्सचं मी शक्यतो कुणाला सांगत नाही!

*

सगळ्याचं मूळ माझी बायको. जुनी जीप घेतली आणि हौसेनं सुधाला सोसले गावच्या मठात घेऊन गेलो. वाटेत ती दांडी घट्ट धरून बाहेर बघत होती. मला वाटलं, शेतं बघतेय! मठासमोर उतरली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी बसनं जाते. ह्यात परत बसले तर नाव बदला माझं."

आणि खरंच बसनं गेली हो! मी मागून एकटा. फार लागलं मनाला. हिला परत शेजारी बसवायचंच, म्हणून नवे शॉक आणले.

*

त्या शॉकवर एक नॉब असतो. एकीकडे फिरवला की मऊ, दुसरीकडे की कडक. आमच्या गावातल्या बन्नीमंटप भागात शिंद्याच्या घरामागं शेड आहे, तिथं काम सुरू झालं. शिंद्याला मऊ हवं, लोकेशला कडक. एक कॉफीला गेला की दुसरा गुपचूप नॉब फिरवायचा. मीही फिरवायचो, कुठल्या बाजूला ते मलाच माहीत नाही!

दुपारी फेरी मारली. "सूपर गुरू! आत्ता जमलं!" लोकेश ओरडला. वाकून पाहिलं, तर नॉब कंपनीनं ठेवला होता तिथंच.

*

स्प्रिंग निवडायला चालवणाऱ्याचं वजन लागतं. लोकेशनं सगळ्यांसमोर विचारलं. मी पोट आत घेऊन म्हणालो, "बहात्तर किलो."

स्प्रिंग बसवल्या. मी सीटवर बसलो, तर गाडी उजवीकडे कललेली. चासी तपासली, टायरची हवा बघितली, शेडच्या जमिनीला लेव्हल लावली. मी सीटवर बसूनच सूचना देत होतो. शिंद्याची आई पायरीवर भाजी निवडत होती. शेवटी तिला राहवेना.

"अय्यो, त्याला खाली उतरवा की रे! गाडी आपोआप सरळ होतंय बघा."

*

मग टेस्टिंग. एकाच स्पीड ब्रेकरवरून आम्ही पुन्हापुन्हा जात होतो. ट्रॅफिक पोलिसानं थांबवलं. "काय सार, काही हरवलंय काय?" कानडीत विचारलं त्यानं.

शॉकचं कोण समजावणार? शिंदे म्हणाला, "किल्ली."

बिचारा लगेच वाकून शोधायला लागला. दोन भाजीवाल्या आल्या, एक रिक्षावाला आला. चालू जीपची किल्ली आम्ही सगळे मिळून रस्त्यावर शोधत होतो!

*

आणि एकदाचा योग आला. सुधाच्या मावशीनं तलकाडच्या देवळात पूजा ठेवली आणि नेमका बसचा संप! सुधा तोंड फुगवून, उशी घेऊन जीपमध्ये बसली.

मी मुद्दाम आडवाटेनं गाडी घातली. खड्डे, दगड, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, काही सोडलं नाही. जरा वेळानं बघतो तर बाईसाहेब उशीला डोकं टेकून गाढ झोपलेल्या! माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. वाटेत गाई बसल्या होत्या, त्या उठेपर्यंत थांबलो.

देवळापाशी हळूच उठवलं. विचारलं, "कसं वाटलं?"

सुधानं आळस दिला, पदर सारखा केला आणि मागं वळून बघितलं.

"रस्ता छान केलाय की हो! उगंच सरकारला शिव्या घालता तुम्ही."