वाटीभर मीठ, वाटीभर तिखट

चार माणसं एका चुलीवरचं जेवायला लागली की भांडी रोज घासून होतात, पण किस्से मात्र साठतच जातात. आमचे तर पोतंभर साठले! तिसाच्या पुढची सालं असतील. सोलापुरात आम्ही सहा सडेफटिंग मिळून एक मेस चालवायचो. पाच जण गिरणीतले क्लार्क, सहावे गोविंदमास्तर. ते शाळेत सायन्स शिकवायचे, म्हणून आपसूकच मेसचे सेक्रेटरी. स्वयंपाकाला मैंदर्गीच्या गौराक्का. मास्तरांचा विश्वास तराजूवर, गौराक्कांचा हातावर. तिथंच पेटायचं!

*

मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात वाटीभर मीठ तोललं. भरलं दहा तोळे. लगेच भिंतीवर खडूनं लिहिलं, ‘एक वाटी = दहा तोळे.’

शेंगदाण्याच्या चटणीला गौराक्का वाटीभर तिखट घालायच्या. त्या दिवशी मास्तरांनी नियमानं दहा तोळे तोलून दिलं. ते भरलं जवळजवळ दोन वाट्या! गौराक्का नको नको म्हणत होत्या, पण मास्तर म्हणाले, “नियम म्हणजे नियम!”

भाकरीचा पहिला घास घेतला आणि सहाही जण रडायला लागलो. गौराक्कांनी पाण्याचे तांबे पुढं सरकवले.

“मास्तर, वाटीभर कापूस नि वाटीभर खिळे सारकंच भरत्यात व्हय?”

*

मग प्रत्येक जिन्नसाचं वेगळं कोष्टक झालं. मिठाचं माप बारीक मिठाचं होतं आणि दुकानातून आलं खडेमीठ. मास्तरांनी कोष्टकाप्रमाणे वाटीनंच मोजून घातलं. आमटी अळणी! मास्तर बराच वेळ वाटीत डोकावत राहिले आणि ओरडले, “सापडलं! खड्यांच्या मधे हवा आहे!”

“मग हवा कशाला घातली?” गौराक्का म्हणाल्या. “मीठ घालायचं की!”

*

एकदा मास्तरांनी गौराक्कांची चिमूटच तोलायला घेतली. शाळेतला नाजूक काटा आणला. गौराक्कांनी पाच वेळा मीठ टाकलं, पाचही वेळा काटा त्याच रेघेवर! मग मास्तरांनी स्वतः टाकलं. पाच वेळा पाच वजनं.

“काट्याला वारं लागतंय,” मास्तर म्हणाले.

“हाताला लागलं असंल,” गौराक्का म्हणाल्या.

*

भावाच्या लग्नाला जाताना गौराक्का आमच्यातल्या नानाला सांगून गेल्या, “शेरभर धने आणून ठेवा.”

वाण्यानं विचारलं, “मापाचा शेर की वजनाचा?”

नाना घाबरला. त्यानं दोन्ही घेतले!

मास्तर म्हणाले, “हरकत नाही. गौराक्का आल्या की विचारू आणि नको ते परत करू. आण दोन्ही पुड्या.”

“पुड्या कुठल्या?” नाना म्हणाला. “एकाच पिशवीत ओतून आणलेत!”

*

मास्तरांना तीन ठिकाणांहून नकार आला होता. चौथी मुलगी पाहायला आम्ही केम गावाला गेलो. नाना आणि मी वाटभर बजावत होतो, “मास्तर, आज सायन्स नको!”

पोहे झाले. मुलीचे वडील म्हणाले, “काही विचारायचं असेल तर विचारा.”

मास्तरांनी घसा खाकरला. “एक तोळा जिरे म्हणजे किती चमचे?”

नानानं कपाळाला हात लावला. मुलीनं मान वर केली.

“कुणाकडचे चमचे?”

“समजा... तुमच्याकडचे.”

“इथंच राहायला येणार आहात का?”

वडिलांना ठसका लागला. मास्तर कानापर्यंत लाल झाले.

“बरं, मग... आमच्याकडचे.”

“ते तिकडं आल्यावर बघू की!”