चार देशांची फेरी

सेमिनारसाठी मी एक जुनी फुटबॉल स्पर्धा निवडली होती. भारत, पाकिस्तान, बर्मा आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, या चार देशांचे संघ तिच्यात खेळायचे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं ती चालली, मग बंद पडली. का, ते मला कुठेच सापडत नव्हतं. सर म्हणाले होते, "कारण नसेल तर विषय बदल." मला बदलायचा नव्हता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि हा विषय मी स्वतः निवडलेला.

आदल्या संध्याकाळी घरीच वाचून दाखवलं. बाबा पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमधून येऊन पोहे खात होते.

"फाइनल कोण जिंकलं?"

"फाइनल नव्हती, बाबा. सगळे सगळ्यांशी खेळायचे, पॉइंट मोजायचे. पहिल्या वर्षी भारत-पाकिस्तान बरोबरीत. दोघांनाही कप."

"फाइनलच नाही? मग काय मजा, भिया!" बाबा सगळ्यांनाच भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात; मलासुद्धा.

"कप एक आणि मालक दोन," आई म्हणाली. "खेळायचे कुठे पण?"

"आधी कोलंबो, मग रंगून, कलकत्ता, शेवटी ढाका. ढाका तेव्हा पाकिस्तानात होतं."

"म्हणजे चौघांकडे एकेकदा झालं. आमच्या भजनासारखं. सगळ्यांच्या घरी झालं की फेरी संपली."

ती शहरं मी कितीदा वाचली होती. फेरी काही दिसली नव्हती. पण हेच कारण, असं तरी कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी तेच विचारलं.

"बंद का पडली ते सापडलं नाही, सर. चारही देशांत एकेकदा भरली आणि नंतर भरली नाही, एवढंच दिसतं. फेरी पूर्ण झाली म्हणून थांबली, असं माझी आई म्हणते. पुरावा नाही."

मागच्या बाकांवर हशा झाला. सर म्हणाले, "पुरावा नाही हे सांगितलंस, बरं केलंस. विषय राहू दे. शोधत राहा."

घरी आले तर आई सतरंज्या झटकत होती. त्या दिवशी भजन आमच्याकडे होतं, फेरीतलं शेवटचं.

"मग आता बंद?" मी विचारलं.

"बंद कशाला? पुढच्या गुरुवारी परत पहिल्या घरी." तिने पुढची सतरंजी उचलली. "तुझ्या त्या लोकांना कोणी परत बोलावलंच नाही वाटतं."

मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं.