हँडल कुठल्या बाजूला

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा नातीबरोबर कागदावर नक्षी कापायचं, तिला उठाव द्यायचं छोटं मशीन घ्यायला गेलो. ती डावखुरी. तिने दुकानदाराला पहिलंच विचारलं, "काका, हँडल डावीकडे बसतं का?"

"बसतं की. फिरवून बघ."

मला स्वतःचा संताप आला. माझी बायको सुमनही डावखुरी. शुभेच्छापत्रं कात्रीने कापून विकायची. असंच मशीन मी तिला न विचारता आणलं, उजव्या हँडलचं. कागद तिरके जायचे, फाटायचे.

"मला हे उलटं पडतं हो," ती म्हणाली.

"मग उजव्या हाताची सवय कर. मशीन काय तुझ्यासाठी बदलायचं?"

तिने ते काम सोडलं. पाहुण्यांसमोर मी हसत सांगायचो, "हिची सगळी धरसोड." घरात आजही तेच बोलतात. साफ खोटं आहे ते. घरातल्या माणसाला एक नाव चिकटवलं की आपली चूक त्याखाली किती आरामात झोपते.

शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसलो तेव्हा म्हणायचं ठरवलं होतं, "सुमन, चुकलं माझं. तुझा हात चांगला होता." तिने डोळे उघडले. मी म्हणालो, "औषधाची वेळ झाली."