सूड आणि सोड

दादारावांनी काकाची गचांडी सोडली आणि कट्यार खाली केली, तेव्हा मी विंगेत नाटकाचं बाड धरून उभा होतो. असं त्या बाडात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी कॉलेजात शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील राजूरला कोळशाच्या खाणीत आहेत. सुट्टीत गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचं काम मिळालं. नट वाक्य विसरला की प्रॉम्प्टर विंगेतून हळूच त्या वाक्याचा पहिला शब्द देतो. माझा आवाज पोचत नाही, अशी नटांची तक्रार होती. नेरला प्रयोगाआधी मॅनेजर साहेब म्हणाले, "आज गडबड झाली तर उद्या गाडीत बसू नकोस. सरळ घरी जा."

नाटक सुडाचं. काका अंगठीतलं विष पाजून राजाला, म्हणजे आपल्या थोरल्या भावाला, मारतो. शेवटी राजपुत्र काकाला कट्यारीनं मारतो, आणि वडीलधाऱ्याचा खून केला म्हणून तीच कट्यार स्वतःच्या छातीत खुपसतो.

राजपुत्र झालेले दादाराव नेमके तिथंच अडले. वाक्य होतं, "सूड! याच शब्दावर मी जगलो." मी पहिला शब्द दिला, "सूड." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काकाला सोडून दिलं.

प्रेक्षकांतून कोणी ओरडलं, "काहून सोडलं बे त्याले?"

काका झालेले गुलाबराव गळा चोळत उभे. पळावं की थांबावं, त्यांना कळेना. बाड उलटून उपयोग नव्हता. गुलाबरावांच्या बोटात अंगठी तेवढी दिसली. मी होता नव्हता तेवढा आवाज काढला, "अंगठी."

गुलाबराव जुने नट. त्यांनी अंगठीकडे पाहिलं, राजाच्या रिकाम्या सिंहासनाकडे पाहिलं. "दादा, तुला पाजलं तेच," एवढं म्हणून अंगठी ओठाला लावली आणि कोसळले.

मंडपातली एक म्हातारी म्हणाली, "आपल्याच जहरानं मेला. असंच पाह्यजे."

दादाराव कट्यार घेऊन तसेच उभे. मी पडदा ओढायची खूण केली.

आत मॅनेजर साहेबांनी आधी दादारावांना धरलं. दादाराव म्हणाले, "मी काय करू? हाच तं म्हणला, सोड."

"मी सूड म्हणालो."

"मले सोड आयकू आलं. दुपारी साहेबानं दोन वाक्यं बदलवली, मले वाटलं हेबी बदलवलं असन."

साहेब माझ्याकडे वळले. "ही ट्रॅजेडी आहे ना रे? मग नायक जिवंत कसा?"

मी चाचरत म्हणालो, "साहेब, त्याच्या हातून खूनच झाला नाही. मग त्यानं कशापायी मरावं?"

गुलाबराव रंग पुसता पुसता हसले. "पोट्टं बरोबर बोलून राह्यलं, साहेब. मले शिक्षा भेटली, त्याले काहून देता?"

साहेबांनी पडदा जरा बाजूला करून पाहिलं. बाहेर लोक अजून टाळ्या वाजवत होते. शेवटी म्हणाले, "उद्या पांढरकवड्याच्या प्रयोगाला बाडात आहे तसंच करायचं. गाडी सकाळी आहे, वेळेवर ये."

पांढरकवड्याला राजपुत्र ठरल्याप्रमाणे मेला. पण त्यानंतरच्या गावी साहेबांनी आपणहून नेरचा शेवट लावला, आणि तोच राहिला. मी मात्र आता कोणालाही एकच शब्द देत नाही, दोन देतो.