स्वस्तिकाच्या दोन्ही बाजूंस

मंडळाच्या फलकापाशी क्षणभर थांबणाऱ्या सुज्ञजनहो,

आज सकाळी नंदनवन वस्तीत अस्मादिकांच्या कलेची सत्त्वपरीक्षा झाली. ब्रशचा त्याग करून ट्रकवर स्टिकरची अक्षरे चिकटवण्याचे नवे शास्त्र आम्ही आत्मसात केले आहे, हे आपण जाणताच. शंकररावांचा नवाकोरा ट्रक दुपारी पहिल्या खेपेला निघायचा होता. तत्पूर्वी त्याच्या कपाळी ‘गोदावरी ट्रान्सपोर्ट’ झळकणे अत्यावश्यक होते.

परंतु आमच्या आगमनापूर्वीच पूजा उरकली होती. नेमके मधोमध, तेलात कालवलेल्या कुंकवाचे ओले स्वस्तिक! तेलावर अक्षर टिकत नाही, म्हणून आम्ही फडके उचलले.

“हात नका लावू, भाऊ!” शंकररावांच्या पत्नी कडाडल्या. “धनी सोता गाडी घेऊन निघून राह्यले, अन् तुमी कुंकू पुसता?”

“वहिनी, स्निग्ध पृष्ठभागावर अक्षरांचे आसंजन असंभव आहे.”

“मंग बाजूले लावा ना! एवढ्या मोठ्या गाडीवर जागा नाई काय?”

फडके निमूट खिशात गेले. डावीकडे ‘गोदावरी’, उजवीकडे ‘ट्रान्सपोर्ट’ आणि मध्ये स्वस्तिक. ट्रक असा काही शोभला, की शेजारचा ट्रकमालक धावतच आला.

“मायावाल्या गाडीले बी असंच करून द्या गा! मधात जागा सोडून.”

“ही आमची खास शैली आहे,” आम्ही गंभीरपणे उद्गारलो.

“हो काय?” वहिनी म्हणाल्या. “मंग उद्या त्याच्या गाडीवर स्वस्तिक बी तुमीच काढजा.”

सुज्ञजनहो, कुंकवात बोट बुडवून स्वस्तिक काढण्याची ही विद्या एका रात्रीत कोण शिकवील?