मेश्रामदादांची गाडी आणि उरलेले नट

गाडीला एक ॲक्सेसरी लावली की दोन गोष्टी हमखास उरतात, एक नट आणि एक किस्सा. नटांसाठी आमच्याकडे लोणच्याची रिकामी बरणी आहे. किश्शांना बरणी नाही, त्यामुळे कोणी नुसता चहा विचारला तरी ते बाहेर पडतात!

आमच्याकडे म्हणजे हिंगण्याला, बंडू चाफलेच्या शेडमध्ये. बंडूचं फॅब्रिकेशनचं काम. आठवडाभर तो लोखंडी गेटं आणि ग्रिलं बनवतो. रविवारी सकाळी शटर अर्धं वर जातं आणि आम्ही चौघं आत शिरतो. बंडू, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे राऊत सर, कोराडीच्या पॉवर स्टेशनात नोकरी करणारे मेश्रामदादा आणि मी. चौघांकडेही लांबच्या प्रवासाच्या त्या उंच, धिप्पाड ॲडव्हेंचर मोटरसायकली. माझं धंतोलीत चष्म्याचं दुकान आहे. माझ्याकडे बारीक स्क्रूड्रायव्हर असतात, एवढ्या एका गुणावर मला यांनी आपल्यात घेतलंय.

शेडचा कायदा एकच. काम संपल्यावर ज्याच्या गाडीचा नट उरेल, त्यानं सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. आजवर एकही रविवार आम्ही उपाशी घरी गेलो नाही!

*

सुरुवात दादांपासूनच करायला हवी, कारण बरणीतले निम्मे नट त्यांचे आहेत.

लग्न झालं तेव्हा दादांनी सुनंदावहिनींना शब्द दिला होता, "तुले गाडीवर पचमढीले नेतो." मग शिफ्ट ड्यूटी लागली, मुलं झाली, मुलांच्या परीक्षा झाल्या, मुलांची लग्नं झाली. पचमढी जागेवरच राहिली. आता रिटायरमेंट तोंडावर आली तेव्हा दादांनी ही गाडी घेतली. "नोकरी संपाच्या आधी एकडाव तिले नेतोच गड्या. अन् कारनं नाही, गाडीवरच!"

गाडी घरी आली त्या दिवशी अख्खी कॉलनी बघायला जमली. वहिनी नवी साडी नेसून आल्या. फुटरेस्टवर पाय ठेवला आणि जिना चढल्यासारखं सगळं वजन एका बाजूला टाकलं. दादांचे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते. गाडी सावकाश, अगदी विचार करत करत कलली आणि शेवंतीच्या कुंड्यांवर आडवी झाली. वहिनी कुंड्यांमध्ये, दादा बाजूला. दादा टुणकन उठले आणि गाडी उचलायला धावले!

वहिनी आपल्या आपण उठल्या. साडीची माती झटकली आणि म्हणाल्या, "मले ॲटो बोलवून द्या."

"पण वं, जायचं कुठं हाय?"

"कुठंबी!"

त्या दिवसापासून वहिनींनी गाडीचं नाव काढलं नाही.

*

दादांनी हिंमत सोडली नाही. त्यांचं म्हणणं, मागं पाठ टेकायला काही नाही म्हणून ती घाबरते. म्हणून पाठीला गादी असलेला मोठा टॉप बॉक्स आला. बंडूनं तो असा पक्का बसवला की गाडी तुटेल पण बॉक्स हलणार नाही. सगळे खूष.

मग दादा गाडीवर बसायला गेले. पाय मागून फिरवला तर बॉक्सला अडकला. पुन्हा फिरवला, पुन्हा अडकला. वहिनींना टेकायला गादी झाली, पण चालवणाऱ्याला चढायला वाट उरली नाही!

बॉक्स काढतील तर ते दादा कसले. त्यांनी ओट्याजवळ गाडी लावायला सुरुवात केली. ओट्यावर चढायचं, तिथून सीटवर उतरायचं. बाजारात दादांची गाडी शोधायची असली तर आम्ही गाडी शोधत नाही, ओटा शोधतो.

एकदा सावनेर रोडच्या पेट्रोल पंपावर उतरले आणि पेट्रोल भरून झाल्यावर नुसतेच उभे राहिले. मागं रांग वाढत चालली. पंपावरच्या मुलीनं विचारलं, "काका, काही पाहून राहिले का?"

"ओटा," दादा म्हणाले.

तिनं ऑफिसमधून खुर्ची आणून दिली. आता त्या पंपावर दादांना पाहिलं की पेट्रोलच्या आधी खुर्ची येते!

*

राऊत सरांचं असं नाही. ते प्रत्येक वायर आधी कागदावर काढतात. फॉग लाइट लावायचे ठरले तेव्हा त्यांनी तीन रंगांच्या पेनांनी आकृती काढली, भिंतीला चिकटवली आणि आम्हाला कोणालाही हात लावू दिला नाही. रविवारी दुपारी टेस्टिंग न करताच घरी गेले, कारण आकृती बरोबर होती.

संध्याकाळी सर माझ्या दुकानाकडे यायला निघाले. धंतोली म्हणजे दर चार पावलांवर दवाखाना. अंधार पडला म्हणून सरांनी फॉग लाइटचं बटण दाबलं. लाइट लागले नाहीत, हॉर्न सुरू झाला. हॉर्न बंद करायला हॉर्नचं बटण दाबलं, तर लाइट लागले! हॉर्न काही थांबेना.

दवाखान्याचा गार्ड काठी घेऊन धावत आला. "सर, सायलेन्स झोन हाय! हॉर्न काहून वाजवून राहिले?"

सर शांतपणे म्हणाले, "मी हॉर्न वाजवत नाहीये. मी लाइट लावलाय."

दुसऱ्या रविवारी भिंतीवरची आकृती तपासली. आकृती खरंच बरोबर होती. सरांनी ती उलटी चिकटवली होती!

*

बंडू हसला सगळ्यात जास्त, म्हणून बंडूचंही सांगतो.

इंजिनला खालून दगड लागू नये म्हणून एक जाड प्लेट लावतात. बाजारातली प्लेट बंडूला पत्र्यासारखी वाटली. त्यानं स्वतःच्या गाडीला स्वतः प्लेट बनवली आणि नट-बोल्ट कशाला म्हणून सरळ वेल्डिंग मारलं. "आता खालून बॉम्ब फुटला तरी इंजिनले काही होत नाही!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला प्लेटवर हातोडी वाजवून सांगायचा. त्या रविवारी त्याचा एकही नट उरला नाही, याचाही त्याला फार गर्व.

पुढे गाडी सर्व्हिसिंगला गेली. मेकॅनिक गाडीखाली गेला, बराच वेळ खालीच राहिला आणि मग नुसतं डोकं बाहेर काढून म्हणाला, "भाऊ, तेल कुठून काढू?"

तेल काढायचा बोल्ट प्लेटच्या आत होता! प्लेट गॅस कटरनं कापावी लागली. बंडूला स्वतःच्या हातानं. कापताना तो एकच वाक्य घोकत होता, "तेल बदलावं लागते हे माह्या ध्यानात कसं नाही आलं बे?"

*

एव्हाना दादांच्या गाडीला मऊ सीट, रुंद फुटरेस्ट, वाऱ्याची काच आणि दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे डबे लागले होते. डबे वहिनींच्या सामानासाठी. "बाई माणूस हाय, चार साड्या त नेईनच ना!" वहिनींनी पचमढीला होकार दिलेला नव्हता, साड्यांची सोय मात्र झाली होती.

डबे लावून दादा रुबाबात घरी गेले. फाटकातून पुढचं चाक आत गेलं, हँडल गेलं, दादा गेले आणि डबे फाटकाच्या दोन खांबांमध्ये घट्ट बसले. पुढं जाता येईना, मागं येता येईना. डब्यांमुळे पाय फिरवून उतरताही येईना.

वहिनी व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, परत तांदूळ पाहिले आणि विचारलं, "ताट तिथंच आणू का?"

पुढच्या रविवारी शेडमध्ये हे सांगताना दादा रागावले नव्हते, उलट त्यांचा चेहरा खुलला होता. म्हणाले, "हसली गड्या! गाडीकडे पाहून पहिल्यांदा हसली!"

त्या रविवारी नट उरला नव्हता, तरी तर्री-पोहे दादांनीच खाऊ घातले.

*

आणि मग एका रविवारी वहिनी स्वतः शेडमध्ये आल्या, ॲटोनं. आम्ही चौघं एकदम उभे राहिलो.

वहिनींनी गाडीला एक चक्कर मारली. गादी दाबून पाहिली, डबे वाजवून पाहिले आणि म्हणाल्या, "हे सगळं बसाले झालं. मले बसाचं भेव नाही. चढाचं हाय!"

इतक्या रविवारांत इतक्या वस्तू लावल्या, पण तुम्हाला भीती कशाची वाटते हे वहिनींना एकानंही विचारलं नव्हतं. दादांनीसुद्धा!

बंडूनं गाडी मेन स्टँडवर लावली, म्हणजे कलायचा प्रश्नच नाही. दादा पुढं बसले, आम्ही दोन्ही बाजूंनी गाडी धरली. वहिनी दादांच्या खांद्याला हात न लावता, मागच्या डब्याचं हँडल धरून चढल्या. उतरल्या. परत चढल्या. असं होता होता राऊत सरांनी आणलेला चहा त्यांनी गाडीवर बसूनच घेतला. उंचावरून आमच्याकडे पाहत म्हणाल्या, "इथून तुम्ही सगळे लहान दिसता."

दादा हळूच म्हणाले, "मंग पचमढी?"

वहिनींनी कप खाली दिला. "येईन. पण मी डब्याले पकडून बसीन. तुम्हाले नाही!"

दादांना तेवढंही खूप होतं. मला मात्र ते वाक्य टोचलं. कुंड्यांच्या दिवसाचा राग अजून गेलेला नव्हता, हे चौघांनाही कळलं.

*

शेवटची ॲक्सेसरी इंटरकॉम. हेल्मेटमध्ये बसवायचा, म्हणजे चालवणाऱ्याला आणि मागच्याला एकमेकांशी बोलता येतं. बारीक स्क्रूचं काम, म्हणून ते माझ्याकडे आलं. दादांचं, वहिनींचं आणि माझं अशी तीन हेल्मेटं मी दुकानातच तयार केली.

थंडीत, सकाळी आम्ही पचमढीला निघालो. दादा-वहिनी पुढं, इंटरकॉम बिघडला तर सोबत म्हणून मी एकटा मागं. वहिनी ओटा न शोधता चढल्या आणि मागं हात नेऊन डब्याचं हँडल घट्ट धरलं.

सावनेर सुटलं आणि माझ्या कानात दादांचा आवाज आला. "सुनंदा, पुढं खड्डा हाय वं. सांभाळ."

मी म्हटलं, "दादा, मी आहे! वहिनी नाही!" पण माझ्या माइकची वायर फोममधून निसटून गालाशी लोंबत होती. मला ऐकू येत होतं, माझं त्यांना जात नव्हतं. दादांचं हेल्मेट मी वहिनींऐवजी माझ्याशी जोडून ठेवलं होतं!

पुढं जाऊन गाडी थांबवावी म्हणून मी वेग वाढवला. तेवढ्यात कानात आलं, "बोलू नको तू. मीच बोलतो."

वहिनी उत्तर देत नाहीत याचं दादांना नवल वाटलं नाही. मी वेग कमी केला.

"त्या दिवशी कुंड्या पडल्या ना, तवा मी आधी गाडी उचलाले गेलो. तुले नाही गेलो." पुढचा ट्रक त्यांनी मागं टाकला. "रिटायर होऊन राहिलो अन् अजून मले इतकंबी समजत नाही. चुकलंच माह्यं. तुह्या समोर बसून बोलता येत नाही, म्हणून इथं सांगतो."

दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या. मी तेवढंच अंतर ठेवून गाडी चालवत होतो.

"राग गेला असन त माह्या खांद्यावर हात ठेव. नसन गेला त राहू दे डब्यालेच."

समोर वहिनींचा हात डब्याच्या हँडलवरून निघाला, वाऱ्यात थोडा थबकला आणि दादांच्या खांद्यावर जाऊन बसला.

सौंसरला चहाला थांबलो. दादा उड्या मारतच टपरीकडे गेले. वहिनींनी हेल्मेट काढलं आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मशीनमधून एक शब्द नाही आला. मले वाटलं हे रागावले का काय, सावनेरपासून चूप!"

मी त्यांचं हेल्मेट हातात घेऊन पाहिलं. वहिनींचा इंटरकॉम चालूच नव्हता. मी मान खाली घालून म्हटलं, "द्या वहिनी, दोन मिनिटांत जोडून देतो."

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या आणि हेल्मेट परत घेतलं. "चूप राहूनच बरी चालवून राहिले."

दादा चहा घेऊन आले. पहिला कप वहिनींना दिला, दुसरा मला, आणि माझ्या पाठीत जोरात धपाटा घातला. "गड्या, इतक्या ॲक्सेसरी लावल्या, पण तुह्या इंटरकॉमसारखी एक नाही!"

मी चहा पीत राहिलो.

आम्ही पुन्हा निघालो. वायर लोंबतच होती, मी तिला हात लावला नाही. पुढं घाट दिसायला लागला तसा माझ्या कानात दादांचा आवाज आला, "सुनंदा, वळणं हायेत आता. डब्याले धरशीन का मले?"

वहिनींचा हात आधीच खांद्यावर होता, डब्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही!