आतून कडी नसलेला डबा

गेल्या मंगळवारी, भरदुपारी, डब्यात कोंडून नेलेल्या मजूर बायकांवर पुन्हा अन्याय झाला.

संग्रहालयासाठी जुना रेल्वेडबा दुरुस्त होतोय. तो मुळात कुणाचा, हे मी शोधत होते. सुतार दत्तूकाकांनी रंगाचे थर खरवडले, तर खाली, बसल्या माणसाचा हात पोचेल तिथे, खिळ्याने कोरलेली बायकांची गोंदणं निघाली. तुळस, विंचू, पाळणा. लिहिता न येणाऱ्यांच्या सह्याच त्या.

"पोरी, दाराला आतून कडीच नाही गं, फक्त बाहेरून आहे," काका हळूच म्हणाले.

संग्रहालयाचे अधिकारी मात्र हसले. "पाटीवर 'साहेबांचा डबा' लिहायचंय. रंग मारा."

मंगळवारी दुपारी मारला. बाकी डबा कधीच वाळला. गोंदणांवरचा रंग अजून ओला आहे.

रविवारी उद्घाटन आहे. त्याआधी या, आणि तो रंग आपल्या हातांनी पुसा.